सतरा नंबरचा नोड

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलू नका, असं मुलांना सांगत आलोय. तरीही हे लिहितोय...

माझी विद्यार्थिनी प्रज्ञा मला माझ्या पीएचडीच्या कामात मदत करायची. कळमेश्वरजवळ तिच्या मामांच्या संत्र्याच्या बागेत आम्ही जमिनीतली ओल मोजणारे चोवीस सेन्सर नोड लावले होते — सेलवर चालणाऱ्या छोट्या डब्या. एक नोड आपला निरोप शेजारच्याकडे देतो, तो पुढच्याकडे, असं करत तो शेडमधल्या, सगळे निरोप गोळा करणाऱ्या गेटवेपर्यंत पोचतो. कुणी कुणामार्फत पाठवायचं, हे राउटिंग प्रोटोकॉल ठरवतो. असे दोन प्रोटोकॉल आम्ही तपासत होतो. कमी बॅटरीत जास्त टिकणारा कोणता, ते बघायचं होतं.

सतरा नंबर विहिरीजवळ होता. त्याच्या पलीकडच्या चार नोडना दुसरा रस्ताच नव्हता. सप्टेंबरात तो मधूनमधून गप्प बसायला लागला. मी प्रज्ञाला फोन केला.

"सर, ताप आहे हो अंगात. उद्या गेली तर चालंल?"

"खंड पडला तर टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल गं."

"...बरं. जाते."

गेली. अँटेना बदलली. 'झालं सर' असा मेसेज आला. पाचव्या दिवशी ती डेंग्यूनं गेली.

दोन महिने मी तिकडे फिरकलोच नाही. मग एका दुपारी सगळं काढायला गेलो. शेडमध्ये आलेल्या निरोपांची नोंद, म्हणजे लॉग, उघडला. त्या चार नोडचे निरोप दर दहा मिनिटांनी येत होते, सगळे सतरामार्फत. एकही चुकला नव्हता.

"मामा, विहिरीजवळच्या डबीचं काम प्रज्ञानं पक्कं केलं होतं," मी म्हणालो.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "सर, ते डब्बी तं तिथं नाहीच ना. पोरगी गेल्यावर पुण्यानुमोदन केलं, त्याच दिवशी मीच काढून आणली. पोरीचा हात लागला होता तिले... फोटोजवळ ठेवली. सेल घड्याळात टाकले."

घरी नेऊन त्यांनी ती दाखवली. सेलची जागा रिकामी होती.

मी सगळं तपासलं. सतरा नंबर दुसऱ्या कुठल्याच नोडला नव्हता. पलीकडच्या चौघांची रेंज शेडपर्यंत पोचत नव्हती. माझे गाइड नंतर म्हणाले, सॉफ्टवेअरची चूक असेल. असेलही... पण मामांनी त्या चौघांच्या कोपऱ्याला ज्या ज्या दिवशी पाणी दिलं, त्या त्या दिवशी लॉगमध्ये ओल वाढलेली होती.

शेडमध्ये परत आलो, तर निरोप येतच होते. गेटवेच्या बटणावर हात ठेवून मी नुसताच बसलो.

मामा दारात उभे होते. "बंद कराले आले होते ना तुम्ही?"

"हो."

"मग करा ना, सर. थकली असंल पोरगी."

मी बटण दाबलं.

प्रबंधात ती टेस्ट मी घातली नाही. ते निरोप कसे आले, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी तिला 'घरीच थांब' का म्हणालो नाही, तेही मला सांगता येत नाही.