उलटी धरलेली पोथी

अक्षरावर जीव टाकणारी माणसं वऱ्हाडात पुष्कळ असतील, पण मजकुराशी हाडवैर धरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. मावसाजी अमरावतीच्या कचेरीत नकलनवीस होते. नागपूरहून आलेला हुकूम असो की शेताच्या बांधाचा निवाडा असो, त्यांच्या हातची नक्कल मिळाली की हरलेला पक्षकारसुद्धा कागद छातीशी धरून निघे. "काय लिहलं जी!" म्हणे. आपण दावा हरलो आहोत, याचा त्याला निदान बडनेऱ्यापर्यंत विसर पडत असावा.

मावसाजी कुठलाही लिहिलेला कागद आधी उलटा धरत. सुलटा धरला की डोळा अर्थामागे धावतो आणि अक्षर हातचं जातं, असा त्यांचा सिद्धान्त होता. लग्नपत्रिका उलटी, वाण्याची यादी उलटी, भाच्याचं प्रगतिपत्रकही उलटं. त्यामुळे मी त्यांचा फार लाडका होतो. एकदा दर्यापूरहून त्यांच्या चुलत्याच्या निधनाचं कार्ड आलं. तसलं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. मावसाजींनी ते ओट्यावर उभं राहून बराच वेळ न्याहाळलं, मावशीला हाक मारून "पाह्य व, र चा पाय कसा सोडला, पाह्य!" असं दाखवलं आणि कौतुकानं देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिलं. मावशीला वाचता येत नव्हतं. दोन दिवसांनी सुतकातला चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला, तर घरात पुरण शिजत होतं.

"भाऊ, कार्ड नाही भेटलं काय?" त्यानं विचारलं.

"भेटलं नं! कोनं लिहलं ते?" मावसाजी खुशीत म्हणाले.

पुढे जे रामायण झालं ते सांगत नाही. मावसाजी ओशाळले, डोळ्यांत पाणी आणून अंघोळीला गेले. पण कार्ड फाडण्याआधी त्यांनी तो र तेवढा एका चिठोऱ्यावर गिरवून घेतला, हे मावशी शेवटपर्यंत सांगत असे.

कुठल्या मठात, कुणाच्या देवघरात जुनी पोथी आहे असं कानावर आलं की त्यांचा पाय घरात ठरत नसे. धुतलेलं धोतर नेसायचं, तपकिरीची डबी मावशीच्या हवाली करायची, भिंग खिशात टाकायचं आणि निघायचं. एलिचपूरच्या एका मठात ते मला घेऊन गेले होते. मी आपला मोठ्या भक्तिभावानं पहिली ओळ वाचू लागलो, तर माझ्या पाठीत धपका बसला. "अरे, तू वाचून काहून राहिला? पाह्य नं!" मग त्यांनी पान फिरवलं आणि भिंगातून एक पिवळा डाग दाखवला. जुने लेखक चुकले की त्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत आणि वर पुन्हा लिहीत. मावसाजींना अख्ख्या पोथीत हे डाग सगळ्यांत प्रिय. "बाकी समदी पोथी," ते म्हणाले, "पन इथं मानूस बसला व्हता."

आयुष्यात त्यांना एकच पोथी पाहायला मिळाली नव्हती, आणि अर्थातच जीव तिच्यातच अडकला होता. अकोल्याला मोर्णेच्या काठी एका माळ्याचा फुलमळा होता. त्या घरात पूर्वजांनी कुणाकडून लिहवून घेतलेलं एक आख्यान लाल रुमालात बांधलेलं होतं. दसऱ्याला ते पाटावर यायचं, झेंडूच्या माळेनं मढायचं आणि तसंच परत आत जायचं. गाठ सोडायची नाही, हा घरचा नेम. मावसाजी दर दसऱ्याला अमरावतीहून जात आणि त्या घरच्या म्हातारीसमोर हात जोडत. "माय, एकच पान."

म्हातारी हार गुंफता गुंफता म्हणे, "पोथी पाहाची नसते, भाऊ. पुजाची असते. चहा घ्या."

असं वर्षानुवर्षं चाललं. मावसाजी पेन्शनीत निघाले, केस पिकले. मी तोवर अकोल्यातच नोकरीला लागलो होतो. एका उन्हाळ्यात म्हातारीचा निरोप आला, मावसाजींना घेऊन या म्हणून. रुमालाखाली माती दिसली होती. मावसाजींनी तिथं विहिरीवर अंघोळ केली आणि ती गाठ सोडली. आत वाळवी होती. मधली पानं चाळणी झालेली, कडेकडेला थोडी अक्षरं उरलेली. कधी उघडली नाही, कधी ऊन दाखवलं नाही, तर दुसरं काय होणार! मावसाजींनी त्यातला एक तुकडा हातात घेतला, आणि पहिल्यांदाच उलटा केला नाही.

म्हातारीनं रुमालातली माती झटकली. "आता दसऱ्याले काय पुजू जी आमी?"

तेच आख्यान बाजारात छापील मिळत होतं. मी ते सुचवलं. "त्याले कोनाचा हात लागला हाये?" म्हातारी म्हणाली आणि मावसाजींकडे पाहत राहिली.

मावसाजींनी उरलेली अक्षरं गोळा करून अमरावतीला नेली. त्यांच्यावरून तोच हात घोटला, काजळाची शाई केली, बरू तासले. दार लावून लिहायला बसले. मलाच काय, मावशीलाही आत मज्जाव. "कोनी पाहून राहिलं की अक्षर नटते," म्हणत. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं भिंगातून पाहत हिंडलेल्या माणसानं हे म्हणावं! शिवाय उलटं धरून लिहिता येत नाही, ही पंचाईत होतीच. छापील प्रतीवरून उतरवताना त्यांना मजकूर वाचावा लागला. एका दुपारी ते डोळे पुसत स्वयंपाकघरात आले आणि मावशीला म्हणाले, "अवं, पोथीतल्या त्या बाईचं पोरगं सापडते शेवटी."

दसऱ्याच्या आधी पोथी मळ्यात पोचली. म्हातारीनं न बघताच ती नव्या लाल रुमालात गुंडाळली. वर्षातून एकदा बांधलेलीच उन्हात ठेवायची, एवढी एक अट मावसाजींनी घातली. परतताना मला राहवलं नाही. "मावसाजी, तुमचं सगळ्यांत चांगलं अक्षर आता कोणीच पाहणार नाही."

ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एका जागी हरताळ लावला हाये. तुले म्हनून सांगतो."

मावसाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारीही गेली. मी मात्र दर दसऱ्याला मळ्यात जातो. तिची सून पोथी पाटावर ठेवते, झेंडूची माळ घालते. त्या लाल रुमालाकडे पाहून माझा हात फार शिवशिवतो. अक्षरासाठी नव्हे, मला त्यातलं काय कळतंय! तो एक पिवळा डाग पाहावा, एवढंच वाटतं. सून माझ्याकडे बघते आणि हसते. "पाहाची नसते, भाऊ."

मी पाटासमोर डोकं टेकवतो. आत कुठल्या तरी पानावर मावसाजी बसले आहेत.