खांब हलवून बघणारा

धारवाडहून हुबळीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो रोज दिसायचा. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, पण बसण्याआधी बसचा दांडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचा. कंडक्टर "कुंद्री अण्णा, कुंद्री" म्हणून बसायला सांगत खेकसला की मगच सीटवर टेकायचा.

"सवय आहे, अक्का," तो एकदा मला म्हणाला. "हुबळीच्या दाजीबानपेठेत माझा मांडवाचा धंदा होता. खांब हलवून बघितल्याशिवाय मी खाली कुणाला बसू देत नव्हतो. माणसं आणि वेळ सांभाळता येते म्हणून आता मोठ्या बँकेने प्रोजेक्ट मॅनेजर केलंय."

"मग तिथे काय हलवता?"

"तीच तर पंचाईत आहे. मीटिंगमध्ये सगळे म्हणतात, निम्मं काम उभं राहिलं. मी वर बघतो, तर पंखा."

परवा मात्र स्वारी खुशीत होती. प्रोजेक्ट संपत आला म्हणून बँकेच्या आवारात समारंभ झाला होता, आणि मांडव यानेच शिडीवर चढून बांधला होता.

"मोठे साहेब आले. मांडवाकडे बघत राहिले. मग मला विचारलं, हाच का तो प्रोजेक्ट?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. त्यांनी खांब हलवून बघितला, आणि काम पूर्ण झाल्याची सही केली."