राजाने प्यायलेली नदी

काल कागद चिकटवायला खळ शिजवताना तिच्या वासाने तीस वर्षांपूर्वीचं शिरूरच्या कॉलेजातलं भित्तिपत्रक आठवलं. त्यासाठी मी गोष्ट लिहिली होती. राजा अख्खी घोडनदी पितो, ढेकर देतो आणि प्रजा म्हणते, पावसाचा वारा सुटला.

माझे वडील, आबा, तिथेच शिपाई होते. ते घाबरले. "राजा म्हंजी संस्थेचे चेअरमन, हे शेंबडं पोरगंबी वळखंल. माझी नोकरी जाईल."

"आबा, गोष्ट हाय ती."

"मंग राजाला ताक पाज की!"

मी गोष्टच फिरवली. राजाने प्रजेसाठी नदी आणली. चेअरमननी बक्षीस दिलं, आबांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

तेव्हा आबांचा राग आला होता. आता माझाच येतो. बक्षीस घेताना मी चेअरमनच्या पाया पडले, ते मला कुणीही सांगितलं नव्हतं.