पेल्यातलं सरबत
द्राक्षाच्या सरबताचा वास आला की माझं डोकं फिरतं. चेंबूरच्या आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी घ्यायच्या पेल्यांत वाईनऐवजी सरबत ओतलं होतं, आणि कारण होते माझे बाबा. दारू सोडून त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आईच्या दंडावरचा काळानिळा डागसुद्धा अजून गेला नव्हता. उपासना संपल्यावर मी पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, भर दारात अडवलं, "एका बेवड्यासाठी अख्ख्या चर्चने वाईन सोडायची?" ते शांतपणे म्हणाले, "हो गं, एकासाठीच." त्यानंतर बाबा दोनदा घसरले, पुन्हा दारू प्यायले. दोन्ही वेळा मी ओरडले, "आता तरी वाईन आणा ना!" कुणी ऐकलं नाही. कालही पेल्यात सरबतच होतं, आणि माझ्या शेजारी बाबा बसले होते.