डाव्या चाकाचा आवाज

बायकोला पाचवा महिना लागला तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय होता, गाडी विकायची की ठेवायची. गाडी म्हणजे पांढरी, सात सीटची, डिझेलवर चालणारी, तेरा वर्षांची. लग्नाआधी मी ती हौसेनं घेतली होती. तिच्या माहेराहून, देवळ्याहून, लग्न लावून बायकोला आणली तीही हिच्यातूनच. मागे सासऱ्यांनी भरून दिलेल्या कांद्याच्या दोन गोण्या आणि पुढे शालू सावरत बसलेली ती. आता तीच बाई गाडीत चढायचं म्हणजे दाराच्या मुठीला लोंबकळायची. मग मी घरातला पाट खाली नेऊन ठेवायला लागलो. आधी पाटावर पाय, मग फुटबोर्डवर, मग सीटवर. हे सगळं होईपर्यंत सोसायटीचा वॉचमन टक लावून बघत उभा, आणि मला उगाचच त्याचा राग यायचा.

तिचं म्हणणं सरळ होतं. छोटी गाडी घेऊ, जरा बुटकी, एअरबॅगवाली, बाळाची सीट नीट बसेल अशी. डिझेलच्या वासानं तिला मळमळायचं ते वेगळंच. मी म्हणायचो, बारशाला माणसं येतील ती कुठं बसवायची, टपावर? ती म्हणाली, माणसं वर्षातून दोनदा बसतात, बाळ रोज बसणार आहे. यावर माझा आवाज चढला. उत्तर सुचलं नाही की माझा आवाज चढतो, हे तिला आठ वर्षांत पाठ झालंय. ती उठून आत जाऊन मेथी निवडत बसली.

आठ वर्षं म्हटलं, तर तेही सांगून टाकतो. या आठ वर्षांत दोनदा आशा लागली आणि दोनदा तिसऱ्याच महिन्यात गेली. त्यामुळे या वेळी सगळे जण पाऊल जपून टाकत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर डॉक्टरांनी तिचं बीपी बघून नाशिक सोडायचं नाही असं बजावलं. सासूबाई फोनवर रडल्या. माझी आई मनमाडचं घर बाबांच्या भरवशावर टाकून आमच्याकडे येऊन राहिली. आल्या आल्या तिनं गाडीचा विषय ऐकला आणि निकाल देऊन टाकला की बाळ येणार असलेल्या घरानं दारातली गाडी बाहेर घालवायची नसते, दार रिकामं दिसतं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी मी लगेच आईच्या पदराआड लपलो. बायकोला म्हटलं, बघ बुवा, आई नको म्हणतेय.

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

मी नाशिकमध्येच अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला आहे. आमच्याकडे लोअर आर्म बनतात. पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, तो. माझं काम सोपं आणि वाईटपणा घेण्याचं. माल मापायचा आणि केसभर जरी चुकला असेल तरी त्यावर लाल रंगाचा फटका ओढायचा. लाल झालेला माल जाळीच्या पिंजऱ्यात जातो आणि तिथून भंगारात. प्रॉडक्शनवाले माझ्याशी भांडतात, म्हणतात, एवढ्यानं काय होतंय, चालून जाईल. मी हटत नाही. कारखान्यात मला मागून ‘लाल्या’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा अभिमानच होता.

लॉकडाऊनमध्ये आमच्या गाडीचा डावा लोअर आर्म गेला. दुकानं बंद, माल कुठं मिळेना, आणि तिकडे मनमाडला बाबांना ताप चढलेला. आमच्या कारखान्यात याच गाडीला बसणारे आर्म व्हायचे. चांगला माल मोजून सीलबंद जायचा, त्यातला एकही मिळणं शक्य नव्हतं. पिंजऱ्यात मात्र लाल फटक्याचे पडलेले होते. त्यातला एक मी मागून घेतला. त्याच्या सांध्याच्या जागी धातू कमी भरला होता. मीच मापला होता आणि फटकाही मीच ओढला होता. पाथर्डी फाट्याच्या मिस्त्रीनं तो बसवताना लाल रंग बघून भुवई उचलली, तर मीच त्याला म्हणालो, चार दिवस चालून जाईल. बाबांना दवाखान्यात नेलं, ते बरे झाले. आणि ते चार दिवस पुढे पाच-साडेपाच वर्षं चालले.

विसरलो असतो तर एक वेळ बरं. विसरलो नव्हतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला वाटायचं की या खेपेला बदलू, आणि प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं निघायचं. मग तो पाथर्डी फाट्याचा मिस्त्री गावी निघून गेला. नव्या मिस्त्रीला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढे बायकोला दिवस राहिले आणि पाचव्याच्या सुमारास डावीकडे वळताना चाकाखालून टक असा आवाज यायला लागला. एका दुपारचं काम होतं. पण तेव्हा मी मनाशी म्हणत होतो की गाडी विकायचीच आहे तर आता कशाला खर्चात पडायचं. आणि विकायला काढावी म्हटलं तर घेणारा खाली वाकून बघणार. असा मी दोन महिने स्वतःभोवती घिरट्या घालत होतो. घरात आवाज चढवायचा, कारखान्यात लाल फटके ओढायचे आणि पार्किंगमध्ये आलं की त्या चाकाकडे बघायचंच नाही.

सातव्यात डोहाळजेवण देवळ्याला ठरलं. डॉक्टरांनी एका दिवसाची परवानगी दिली होती, तीही रस्ता सांभाळून जायचं या अटीवर. बस नको, भाड्याची गाडी करू, असं मी दोनदा सुचवून बघितलं. दारात गाडी उभी असताना भाड्यानं कशाला, असं म्हणून आईनं ते उडवून लावलं. बरोबरच होतं तिचं. चांदवडच्या पुढे घाट लागला. तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून, शिव्या घालून पुढे जात होते. प्रत्येक डाव्या वळणाला टक. बायको पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर डाळिंबाच्या बागा बघत होती आणि मी मनातल्या मनात सप्तशृंगीला साकडं घालत होतो. मी, जो देवळात गेलो तर बाहेर चपला सांभाळत उभा राहतो.

पोचलो. हिरवी साडी, फुलांची वाडी, बायकांची गाणी, सगळं झालं. जेवताना बायको सासूबाईंना कौतुकानं सांगत होती की यांनी अगदी फुलासारखं आणलं, घाटात तर चालत यावं इतकं हळू. सासूबाईंनी माझ्या पानात आग्रहानं आणखी एक पुरणपोळी वाढली. ती मी नुसती कुस्करत बसलो. मला तिथंच उठून सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण एवढ्या बायकांत सांगणार काय आणि कसं? परत येताना पुन्हा तोच घाट.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं जाहीर केलं की गाडी विकायची, विषय संपला. बायको खूश झाली. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी मोबाईलवर विक्रीसाठी फोटो टाकले, चारही बाजूंचे, धुऊनपुसून. अर्थात चाकाखालचा फोटो काही मी टाकला नाही.

रविवारी सकाळी गिरणारे भागातला एक शेतकरी नवरा-बायको गाडी बघायला आले. झेंडू आणि शेवंती करणारी माणसं. त्यांनी येताना आमच्यासाठी पिशवीभर फुलं आणली होती. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं दारं उघडमीट केली, सीट दाबून बघितल्या, इंजिनचा आवाज कान लावून ऐकला. खाली वाकला नाही. त्याची बायको मागच्या सीटवर बसून बघत होती की पाय लांब करता येतात का. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन खाली आली आणि वॉचमनच्या खुर्चीवर टेकली. मला वाटलं, झालं, सुटलो. दहा मिनिटांत ही पीडा दारातून जाईल.

तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

“वॉचमन म्हणला, तुम्ही गाड्यांच्या कंपनीत तपासायला हाय,” तो म्हणाला. “आमची लेक आलीय बाळंतपणाला. दवाखाना लांब पडतो, म्हणून घाई करतोय. मला यातलं काय कळत नाय. तुम्हीच सांगा, बसवू का लेकीला हिच्यात?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. खोटं नाही सांगत, हो अगदी ओठावर आलं होतं.

“नका बसवू,” मी म्हणालो.

मग एकदा तोंड उघडल्यावर थांबता आलं नाही. मी पार्किंगच्या फरशीवर गुडघे टेकले, मोबाईलची बॅटरी लावली आणि त्याला डाव्या चाकामागचा तो आर्म दाखवला. पाच पावसाळ्यांचा चिखल बसला होता, तरी बोटानं पुसल्यावर लाल रंग दिसला. हा नापास माल आहे, मीच नापास केलेला, मीच बसवलेला, केव्हाही तुटू शकतो, असं सगळं मी भडाभडा सांगितलं. तो माणूस वाकून बघत होता. मग सरळ उभा राहिला आणि त्यानं एकदा माझ्या बायकोच्या पोटाकडे बघितलं. मग खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. त्याच्या बायकोनं चहाचा कप भरलेलाच खाली ठेवला. दोघं मोटारसायकलवर बसून निघून गेली.

बायको खुर्चीवरून उठली नव्हती. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि नेहमीसारखं भांडण होऊन गेलं असतं. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला.

“म्हणून घाटात हळू चालवत होतास,” ती म्हणाली.

मी मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून लॉकडाऊन, बाबांचा ताप, बंद दुकानं असं सुरू केलं. तिनं हातानंच थांबवलं.

“त्यांनी विचारलं म्हणून सांगितलंस. मी कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं, तू बघितलं असशील.”

ट्रे तिथंच सोडून ती लिफ्टकडे गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. फरशीवरचा मोबाईल उचलून बॅटरी बंद केली. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेचा राग कुणावर काढावा तेही कळेना, कारण वॉचमनसुद्धा आज दुसरीकडे बघत होता.

त्याच दुपारी टो करणारी गाडी बोलावून मी आमची गाडी गॅरेजला नेली. नवा आर्म बसायला दोन तास लागले. जुना काढून मिस्त्रीनं तो व्हाइसच्या लोखंडी शिकंज्यात धरला आणि हातोड्याचा एक घाव घातला, तर सांध्यापाशी सरळ दोन तुकडे. त्यानं ते मला दाखवले. मी ते घरी नेऊन बायकोपुढे ठेवले, काही न लपवता. तिनं हातही लावला नाही. गाडी दुरुस्त करून मगच विकायची, आणि घेणाऱ्याला सगळं सांगून, एवढंच ती म्हणाली. त्याप्रमाणे आठवड्याभरात पिंपळगावच्या एका व्यापाऱ्यानं ती नेली. गाडी जाताना आईनं तिला ओवाळलं आणि डोळे पुसले. बायको गॅलरीत आली नाही. तिची तपासणीची फेरी असायची त्या दिवशी आम्ही रिक्षानं जायचो. ती माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, हसायचीसुद्धा. पण रिक्षात बसण्याआधी ती वाकून रिक्षावाल्याचे टायर बघायची.

दीड-दोन महिन्यांनी सिझर होऊन मुलगी झाली. तिचा तो एवढासा लालबुंद चेहरा बघून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, आणि कुणी बघतंय का याचीही पर्वा केली नाही. सहाव्या दिवशी घरी सोडलं. न्यायला मेव्हणा देवळ्याहून त्याची नवी कोरी गाडी घेऊन आला होता, शोरूमची प्लास्टिकं अजून सीटवर. आईनं बाळाला टोपडं घालून बायकोच्या हातात दिलं. बायको दवाखान्याच्या पायरीवर थांबली.

“बघितलंस?” तिनं मला विचारलं.

मेव्हणा हसला, म्हणाला, ताई, अगं महिना नाही झाला घेऊन. मी हसलो नाही. हातातली पिशवी खाली ठेवली, चारही चाकांपाशी गुडघे टेकून, बॅटरी लावून नीट बघितलं आणि उठून तिला सांगितलं की बघितलं, सगळं चांगलं आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं बाळ आईकडे दिलं, दाराला धरून, टाक्यांवर हात दाबत हळूहळू खाली वाकली आणि चाकामागे स्वतः बघितलं.