पाट्यावर वाटलेला मंगळ

पहाटे साडेचारला प्रभुदास भिंगारदिवेचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागत नसे. नागापूरच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पहिली पाळी केलेल्या माणसाला गजर कशाला? चहा घ्यायचा, सायकल काढायची, बोल्हेगावातून निघायचं आणि सहाच्या आत एमआयडीसीत हजर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी सवय मोडली नव्हती.

फाउंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतत; त्याचं काम त्या वाळूचं. साच्याची वाळू रोज सकाळी एकावर एक रचलेल्या पितळी चाळण्यांतून चाळायची, प्रत्येक चाळणीवर राहिलेली तोलायची, मग चिमूटभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. कण गोल की टोकदार, धुतलेला की मातकट. साहेब लोक कागद वाचून वाळू पास करीत. प्रभुदास डोळा लावल्याशिवाय करीत नसे. कुणी काम उरकताना दिसला, की त्याचं तोंड आंबलेलं ताक प्यायल्यासारखं होई. लोक त्याला टाळत. त्याला त्याचं काही वाटत नसे.

समर्थनं त्याला रोजावर बोलावलं ते याच डोळ्यापायी. समर्थ तिशीतला इंजिनिअर. नागापुरात भाड्याच्या शेडमध्ये दगडाची भुकटी करून विकायचा. त्याला पुण्याच्या एका संस्थेची ऑर्डर मिळाली होती. दोन किलो मंगळाची माती.

"मंगळाची? अन् ती नागापुरात?" प्रभुदासनं विचारलं.

"तिथला खडक आपल्या काळ्या दगडासारखाच आहे, मामा. ही माणसं मंगळावर यान उतरवायच्या तयारीत आहेत. यानात सूक्ष्मदर्शक असणार, तो तिथल्या मातीचे कण बघणार. आधी इथं चाचणी करायची, तर तशी माती पाहिजे. दळायची, चाळायची, पाठवायची. चाळणं तुमच्याकडे."

संस्थेनं कागद दिला होता. त्यावर एका चाकाचं चित्र होतं. चाकाच्या कडेला सदऱ्याच्या बटणाहून लहान चकत्या. चकतीवर माती पडली की चाक फिरतं, आडवी चकती उभी होऊन भिंगासमोर येते. सुटे कण गळून पडतात, चिकटलेले तेवढे राहतात. म्हणून एक चकती चिकट, एक चुंबकाची. कोण कशाला चिकटतो, त्यावरून कणाची जात ओळखायची. प्रभुदासनं तो कागद तीनदा वाचला. कुणीतरी डोकं लावून काम केलं होतं. त्याला बरं वाटलं.

समर्थच्या यंत्रात लोखंडी हातोड्यांनी दगडाची भुकटी व्हायची. हातोडे झिजायचे आणि लोखंडाचा कीस दगडात मिसळायचा. वाळूत लोखंड म्हणजे दोष. एकतीस वर्षं प्रभुदास तो चुंबक फिरवून काढत आला होता. इथंही त्यानं चाळलेल्या भुकटीवरून चुंबक फिरवला, एकदा नव्हे, सहा वेळा. चुंबकाला चिकटलेली काळी दाढी रोज झटकून शेडमागच्या गटारात टाकली. सात दिवसांत दोन किलो माल तयार झाला. मूठभर नमुना प्रभुदासच्या सहीची तपासणीची चिठ्ठी लावून पुण्याला गेला.

आठव्या दिवशी रुपालीचा फोन आला. ती संस्थेत चाचणीचं काम बघायची.

"मामा, कण एकसारखे आहेत, फार सुंदर. पण चुंबकाच्या चकतीवर काहीच नाही हो. कोरी आली."

"कोरीच यायची. मी लोखंड काढलंय त्यातलं."

"मामा, काळ्या दगडात त्याचं स्वतःचं लोहखनिज असतं. मंगळाच्या मातीतही आहे. तेच तर बघायचंय आम्हाला."

प्रभुदासच्या लक्षात आलं. हातोड्याच्या किसाबरोबर त्यानं दगडाचा जीवच काढून गटारात ओतला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. कागद तीनदा वाचला, चुंबकाची चकती बघितली, तरी हात आपले सवयीनं चालत राहिले. हेही काम उरकणंच की.

"शेठ, माल माझ्यामुळं बिघडला. पाच दिस द्या. मी नव्यानं करतो," तो समर्थला म्हणाला.

"पाच दिवस कुठून आणू? परवा माल द्यायचाय. मी बघतो काय ते."

दुसऱ्या दिवशी सहाला प्रभुदास शेडमध्ये आला, तेव्हा टेबलावर मालाची पाकिटं सील करून ठेवली होती. शेजारी घमेल्यात उरलेला माल तांबूस दिसत होता. त्यानं ओंजळीत घेऊन वास घेतला, मग चिमूट काचेवर ठेवून डोळा लावला. काळ्या कणांमध्ये पोलादाच्या चकचकीत कपच्या पडल्या होत्या, न्हाव्यानं कापलेल्या केसांसारख्या. शेजारच्या कारखान्यात सुटे भाग घासतात, तिथली ही धूळ. आणि तांबडं काय, तर विटांचा चुरा. भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा झालेला. त्यानं तोंड फिरवलं. ताटात झुरळ निघावं तसं झालं.

पाकिटावर चिठ्ठी होती: तपासणारा, प्र. भिंगारदिवे. खाली सहीसुद्धा झाली होती. त्याची नव्हती.

समर्थ नऊला आला.

"हे काय केलं, शेठ?"

"चुंबकाला चिकटणारं पाहिजे होतं ना? घातलं. मंगळ लाल असतो, तेही घातलं."

"रंग घालू नये, असं लिव्हलंय त्यांनी कागदावर."

"मामा, मंगळावर कोण जातंय बघायला?"

"तो सूक्ष्मदर्शक जातोय ना! त्याचं कामच बघायचं हाय. इथं त्याला पोलादाची कपची दावली, तर तिथला कण बघून तो काय वळखणार? अन् माझं नाव का टाकलं?"

"तुमचं नाव बघून ते माल उघडूनही बघत नाहीत. सोपं पडतं." समर्थ हसला. "दोन किलो दगड आहे हो. एवढं काय?"

प्रभुदासनं नळावर कोपरापर्यंत हात धुतले. नऊ दिवसांची मजुरी मागून घेतली, ती न मोजता खिशात घातली आणि सायकल काढली. पाकिटं त्याच दुपारी पुण्याला गेली. आता त्याच्या नावानं खोटा माल त्या चाकावर चढणार होता.

वाटेत तो खाणीवर थांबला आणि काळ्या दगडाची पिशवीभर खडी घेऊन घरी आला. त्याची बायको मरिया अंगणात चटणी वाटत होती.

"मरिया, पाटा दे."

"कशाला? चटणी व्हायचीय अजून."

"दगड वाटायचाय."

"येड लागलं का काय तुमाला? दगडावर दगड?"

"लोखंडाचा हात लागला की माल बाटतो. पाटा-वरवंटा काळ्या दगडाचाच हाय. झिजला तरी दगडात दगडच पडल."

"मिरची हाय त्याला! मंगळावरच्यांना ठसका लागायचा."

पण तिनंच पाटा धुतला, कढत पाण्यानं, चार वेळा. प्रभुदासनं पहिली मूठभर खडी वाटून फेकून दिली. आणखी एक मूठ वाटली, तीही फेकली. मग कामाला लागला. खडी फोडायला हातोडा नाही, दगडानंच दगड. चाळणी शेडची होती, ती तिथंच राहिली. म्हणून शहरात जाऊन लॅबच्या सामानाच्या दुकानातून हव्या त्या मापाची पितळी चाळणी विकत आणली. चार दिवस पहाटे पाचपासून दिवस मावळेपर्यंत वरवंटा फिरला. तळहाताची साल निघाली. मरिया मधूनमधून दुसऱ्या बाजूनं हात लावी.

"पोरींच्या लग्नात पुरणसुद्धा एवढं वाटलं न्हाई मी," ती म्हणाली.

अर्धा किलो झाला. भुकटीत चुंबक धरला, काळी दाढी आली. या खेपेला त्यानं ती बोटानं हळूच परत मालात सोडली.

पाचव्या दिवशी माळीवाड्याच्या स्टँडवरून पहिली एसटी धरून तो पुण्याला गेला. संस्थेच्या फाटकावर तासभर बसवून ठेवलं. मग रुपाली आली, पंचविशीची, चष्मा डोक्यावर चढवलेला.

"मामा, तुम्ही स्वतः? तुमचा माल मिळाला की. उद्या चढवणार आहोत."

"त्यो माझा न्हाई. सही बी माझी न्हाई. आधी हा बघा."

तिनं दोन्ही माल दोन चुंबकाच्या चकत्यांवर टाकले आणि चाक फिरवलं. पडद्यावर शेडच्या मालाची चकती आली: साळिंदरासारख्या उभ्या राहिलेल्या पोलादी कपच्या, मध्ये विटेचा भुगा. मग दुसरी: काळे, जाडसर, निवांत बसलेले कण. तिला काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला.

"आमची चाचणीच चुकली असती," ती म्हणाली. तिनं जुन्या चिठ्ठीवरचं त्याचं नाव खोडलं, त्याच्यासमोर, आणि माल रद्द असा शिक्का मारला. अर्ध्या किलोच्या पाकिटावर प्रभुदासनं स्वतः सही केली. हात सोललेला, त्यामुळे अक्षर वाकडं आलं.

"पण मामा, ऑर्डर शेडच्या नावावर आहे. तुम्हाला याचे पैसे द्यायला मला काही करता येणार नाही."

"मागितले कुणी? तुमी आलेला माल चाळून का न्हाई बघितला, ते सांगा."

"चाळणी दुसऱ्या विभागात असते. मागणीचा अर्ज भरावा लागतो. म्हणून मग पुरवठादाराचा कागद..."

प्रभुदासनं तिच्याकडे बघितलं. पोरगी वाईट नव्हती. पण मंगळावरचा कण मोजायला निघालेली माणसं अर्ज भरायचा कंटाळा करतात, याची त्याला समर्थइतकीच किळस आली. त्यानं पिशवीतून पितळी चाळणी काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

"ही राहू द्या हितं. अर्ज लागायचा न्हाई."

"अहो मामा, ही तुमची..."

"कागद वाचू नका. चाळा."

परतीच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. कंडक्टरनं ज्येष्ठाचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. नऊ दिवसांच्या मजुरीतून संस्थेच्या टेबलावर एक चाळणी झाली, आणि जाण्यायेण्याची ही दोन अर्धी तिकिटं.