हस्तलिखितातलं कापलेलं पान

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. कुणाच्या मामाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या सायकलवर मागे वजन येतं... वाचायचं, हसायचं आणि मासिक बाजूला ठेवायचं. सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. जमिनीवर जे आहे तेवढंच कागदावर यायला हवं, या शिस्तीतला मी माणूस. देव मानतो, तोही बायकोला वाईट वाटू नये म्हणून. आता सत्तरी उलटली आहे. ही एक गोष्ट मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली आहे, म्हणून पूर्ण लिहितो.

तीस सालानंतरची गोष्ट. गाव श्रीवर्धन, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. मी तिथल्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होतो. वर्गात आम्ही अकराजण. शाळेच्या पश्चिम टोकाला ड्रॉइंगचा हॉल होता – तीन मोठ्या खिडक्या, समोर सुपारीच्या वाड्या आणि त्यापलीकडे समुद्र.

ड्रॉइंगला बर्वे मास्तर होते. शनिवारी दुपारी आमचे दोन तास त्यांच्याकडे. पहिल्या तासाला ते चित्रांचा इतिहास सांगायचे. अभ्यासक्रमात तो नव्हता, त्यांना हौस. अजिंठ्याची, मोगल दरबाराची, परदेशातली चित्रं जुन्या मासिकांतून कापून त्यांनी पुठ्ठ्यांवर डकवली होती. दुसऱ्या तासाला मॅट्रिकच्या वर्गाचं हस्तलिखित वार्षिक. एकच प्रत. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यात एक पान – वर पेन्सिलीचं पोर्ट्रेट, खाली वळणदार अक्षरात चार ओळी. ज्याचं त्याने काढायचं नाही, बेंचवर शेजारी बसणाऱ्याने काढायचं. कोरी वही मास्तर आधीच बाइंडिंग करून आणत, म्हणजे चुकलेलं पान चुकलेलंच राहायचं. आणि एक नियम ते कुणालाच मोडू देत नसत. ज्याचं चित्र काढायचं तो समोर बसलेला हवा. आठवून काढलेलं तोंड म्हणजे थाप, असं म्हणायचे.

माझ्या शेजारी लखू. लक्ष्मण. कोळीवाड्यातून मॅट्रिकपर्यंत आलेला पहिला मुलगा. चुलत्याच्या होडीवर जायचं असेल त्या दिवशी शाळा बुडायची, तरी गणितात माझ्या पुढे. त्याने माझं चित्र एका बैठकीत काढलं. माझे सुपासारखे कान जसेच्या तसे. मला राग आला, कारण चित्र खरं होतं.

आता त्याला काढायची पाळी माझी. पण माझा जीव गावातल्या डॉक्टरांच्या मुलात अडकला होता. सरळ नाक, छान कपाळ... आणि सगळ्यात चांगलं चित्र मुखपृष्ठाच्या आत लागणार होतं. मास्तरांच्या नकळत मी त्या मुलाला आधी बसवलं. लखू धुतलेला सदरा घालून, केसांना तेल चोपडून आला तेव्हा म्हणालो, "आज नको रे."

पुढच्या शनिवारी तो पुन्हा तसाच आला. मी म्हणालो, "उजेड बरा नाही आज."

उजेड चांगला होता. लखूने एकदा खिडकीकडे बघितलं. "बरं. पुढल्या शनवारी बसतो," म्हणाला आणि माझं खोडरबर घेऊन माझ्या चित्राखालच्या ओळी लिहीत बसला. शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

मध्ये दिवाळीची सुट्टी लागली आणि दिवाळीनंतर वादळ झालं. चुलत्याची होडी दोन दिवस आधी गेली होती, लखू त्यात होता. डोलकाठी दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागली. चौथ्या दिवशी चुलत्याचा देह मिळाला. लखू मिळाला नाही.

देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही आपल्याकडची रीत. कोळीवाड्यातल्या मोठ्या माणसांनी तसं ठरवलं. पण लखूची आई, नागूबाई, ऐकेना. पुतळा करायला आलेल्यांना तिने दारातून परत पाठवलं. दिवस जात होते आणि त्या घरात ना सुतक फिटत होतं, ना चूल नीट पेटत होती.

एका दुपारी ती शाळेत आली. मासळीची रिकामी पाटी घेऊन ड्रॉइंगहॉलच्या पायरीशी उभी राहिली. मला हाक मारली.

"बाला, तुमी पोरांची चित्रं काडता न? लखू सांगं. सदू माजा चित्र काडतंय, म्हनं."

घरी त्याने असं सांगितलं होतं. मी त्याला दोनदा टाळलं हे आईला सांगितलं नव्हतं.

"काडलास?" तिने विचारलं.

"थोडं राहिलंय, काकी." मी खोटं बोललो.

"मंग काड. गवताच्या मुठीला माजा लखू म्हनतात ते. त्याला तोंड हाय काय? त्याचा तोंड मना एकदा बगायचा हाय. मंग त्यांना सांगीन, करा काय करायचा तो."

वहीतलं त्याचं पान कोरं होतं. मी घरी सुट्या कागदांवर प्रयत्न करून बघितला. दीड वर्ष ज्याच्या खांद्याला खांदा लावून बसलो, त्याचं तोंड मला येईना. एकदा नाक डॉक्टरांच्या मुलाचं झालं, एकदा कान माझेच उमटले. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

शनिवारी तास संपल्यावर सगळे गेले, मी थांबलो. साडेतीन वाजले असतील. मास्तरांनी लावलेली सवय अशी की समोर स्टूल असल्याशिवाय हात चालत नसे. म्हणून स्टूल खिडकीजवळ ओढलं, वही मांडीवर घेतली आणि पुटपुटलो, "बस बाबा एकदाचा."

स्टूल रिकामं होतं, एवढं नक्की. मग मी मान खाली घातली. समोर बघण्यासारखं होतं तरी काय? कानाच्या पाळीपासून सुरुवात केली आणि हात चालू लागला. मध्येच डोळे भरून आले, ते बाहीला पुसले. कागद भिजू नये एवढीच काळजी. किती वेळ गेला सांगता येत नाही. भीती वगैरे काही वाटली नाही. उलट बरं वाटत होतं.

दारात गंगाराम शिपाई आला तेव्हा चित्र झालं होतं. त्याच्या हातात पाण्याचे दोन पेले.

"दुसरा कुटं गेला?" त्याने विचारलं.

"दुसरा कोण?"

"तुज्यासमोर बसलेला. मगाशी दारातनं पाठमोरा दिसला, म्हनून दोगांना पानी आनलं."

मी स्टुलाकडे बघितलं. मग चित्राकडे. लखूच होता, एका रेषेचीही चूक नाही. फक्त डाव्या भुवईवर एक खाच पडली होती, मध्ये काहीतरी लिंपल्यासारखी. लखूच्या भुवईवर तसं काही नव्हतं. पेन्सिल घसरली असावी असं वाटून खोडरबर उचललं, पण पान बिघडेल म्हणून पुन्हा खाली ठेवलं. गंगारामने दोन्ही पेले बाकावर ठेवले आणि तो निघून गेला.

सोमवारी बर्वे मास्तरांनी वही उजेडात नेऊन बराच वेळ बघितली.

"समोर कुणाला बसवलं होतंस?"

"कुणालाच नाही, सर."

"खोटं बोलू नकोस. हा पश्चिमेचा उजेड आहे, चारच्या सुमाराचा. नाकाची सावली अशी गालावर उतरते ती आठवून काढता येत नाही. मलाही येत नाही." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मी नागूबाईचं मागणं त्यांना सांगितलं. ज्या वहीतलं चुकलेलं पानही ते कुणाला फाडू देत नसत, तिच्यातलं ते पान त्यांनी स्वतः ब्लेडने कापून माझ्या हातात दिलं.

आम्ही दोघे कोळीवाड्यात गेलो. नागूबाई दारात बसली होती. हात लुगड्याला पुसून तिने पान घेतलं. पुष्कळ वेळ नुसती बघत राहिली. मग तिचं बोट त्या भुवईवर गेलं.

"ह्या कवा बगलास तू?"

मी वाकून पुन्हा ती खाच बघितली.

"जायच्या दिशी फाटेचा होडी लोटताना लागला त्याला. मीच हलद भरली. तसाच गेला तो. तू कवा बगलास?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "शनिवारी."

पान मांडीवर ठेवून तिने हळूच विचारलं, "भिजला व्हता?"

"नाही काकी. कोरडा होता."

"मंग बरा हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर दर्भाचा पुतळा ठेवला. तोंड असतं त्या जागी नागूबाईने ते पान ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक शिंपला. पान उचलून घ्यायला मी पुढे झालो – माझ्या हातून झालेलं ते एकच खरं चित्र होतं. मास्तरांनी माझा दंड धरला. इजिप्तमध्ये माणूस गेला की त्याचा चेहरा फळीवर रंगवून त्याच्या तोंडावर बांधत असत, एवढंच ते हलक्या आवाजात म्हणाले. पान पेटायला वेळ लागला नाही. पुढच्या शनिवारी मास्तरांनी तशा एका इजिप्ती चेहऱ्याचं पुठ्ठ्यावर डकवलेलं चित्र वर्गात दाखवलं आणि नेहमीसारखा तास घेतला. कुणाचंही तोंड काढायला मी त्यानंतर कधी पेन्सिल धरली नाही.

आयुष्यभर मी याचा हिशोब लावत बसलो आहे. गंगारामने खुंटीवरचा एखादा कोट बघितला असेल. जखमेचं कुणाच्या तरी बोलण्यातून कानावर आलं असेल आणि मी विसरलो असेन. दीड वर्षाच्या शेजाराने हाताला आपोआप आठवलं असेल... एकेक घेतलं तर पटतं, सगळं एकत्र केलं की पटत नाही. मला उत्तर मिळालेलं नाही आणि आता मिळेल असंही वाटत नाही.

पण झोप उडते ती त्यामुळे नाही. कोरडा होता, असं मी त्याच्या आईला सांगितलं, आणि ते मला माहीत नव्हतं. शिपायाला निदान पाठ दिसली. माझ्यासमोर तो तासभर बसला असेल, तर त्या तासाभरात मी एकदाही मान वर करून बघितलं नाही.